चाकांवरचा संसार

नोकरीचीं वर्षें संपलीं आहेत, मुलें आपापल्या मार्गाला लागलीं आहेत, आणि अंगांत हिंडण्याफिरण्याचें बळ अद्याप शिल्लक आहे, असा एक काळ पुष्कळ पतिपत्नींच्या वांट्याला येतो. महाराष्ट्रांत पूर्वीं अशीं जोडपीं काशी-रामेश्वराला निघत. युरोपांत व अमेरिकेंत गेल्या शंभर वर्षांत त्याच वयाच्या माणसांनीं निराळी वाट काढली. मुक्कामागणिक धर्मशाळा किंवा हॉटेल शोधण्यापेक्षां राहतें घरच चाकांवर चढवावें आणि तें बरोबर घेऊन महिनोन्‌महिने हिंडावें, अशी ही कल्पना. अशा वाहनाला मराठींत मोटारघर म्हणण्यास हरकत नाहीं.

पहिलें मोटारघर घ्यावयाचें ठरलें म्हणजे नवराबायकोंत जो वाद सुरू होतो, तो वरवर पाहतां किंमतीचा किंवा सोयींचा असतो. परंतु त्याच्या मुळाशीं एकच प्रश्न असतो: बरोबर घर किती न्यावयाचें आणि गाडी किती? घर वाढविलें कीं गाडी जड होते; गाडी हलकी केली कीं घर आंखूड पडतें. हा प्रश्न आजचा नाहीं. मोटारघराचा सगळा इतिहास ह्या तराजूच्या दोन पारड्यांचा इतिहास आहे, आणि तो न पाहतां निवड करणें म्हणजे दुसऱ्यांनीं एकदां भरलेला दंड पुन्हां स्वतः भरणें होय.

हौसेखातर चाकांवर घर बांधून घेणाऱ्यांत पहिला मान डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्यांना देतात. हे स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश आरमारांत शल्यवैद्य होते. प्रकृतीच्या कारणानें त्यांना ती नोकरी सोडावी लागली, आणि पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहून त्यांनीं नांव मिळविलें. जिप्सी लोकांच्या गाड्या पाहून असेंच एक घर आपल्यालाहि असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून त्यांनीं तें बांधून घेतलें, त्याला ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या असें नांव दिलें, आणि १८८५ सालीं ते प्रवासाला निघाले. ह्या प्रवासावरील त्यांचें पुस्तक १८८६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवांतच तेराशें मैलांचा उल्लेख आहे. घर मोठें देखणें होतें. आंत उत्तम लांकडाचें काम होतें, पुस्तकांचें कपाट होतें, सोबतीला कुत्रा व पोपट होता. पण सामानासह त्याचें वजन सुमारें दोन टन भरे. तें ओढावयास दोन घोडे लागत, हांकावयास गाडीवान लागे, आणि पुढील रस्ता पाहण्यासाठीं एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून आघाडीला जाई. एका माणसाच्या विश्रांतीसाठीं एवढा लवाजमा! तथापि ह्या पुस्तकानें इंग्रज मध्यमवर्गाच्या मनांत ही हौस रुजविली, आणि १९०७ सालीं ब्रिटनमध्यें अशा प्रवाशांचा ‘कॅरव्हॅन क्लब’ स्थापन झाला.

घोड्यांची जागा इंजिनानें घेतली तेव्हां लोकांना वाटलें, वजनाचा प्रश्न आतां मिटला. १९१० सालीं अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीनें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनांत एक प्रवासी मोटार मांडली. तिची मागची बैठक उघडली कीं बिछाना होई, चालकाच्या पाठीमागून हात धुण्याचें भांडें बाहेर काढतां येई, आणि आंतील मंडळींना चालकाशीं बोलण्यासाठीं टेलिफोन होता. त्यापुढें मजल गेली ती १९१५ सालीं. मोटारबसच्या धंद्यांतील रोलंड कॉंक्लिन ह्यांनीं आपल्या कुटुंबासाठीं पंचवीस फूट लांब व आठ टन वजनाचें घर बांधविलें आणि न्यूयॉर्कजवळील हंटिंग्टन गांवाहून सान फ्रान्सिस्कोकडे प्रयाण केलें. त्यांत विजेचे दिवे, संपूर्ण स्वयंपाकघर, आगगाडीच्या डब्यांतल्यासारख्या झोपण्याच्या जागा, ग्रामोफोन, पुस्तकांचें गुप्त कपाट, इतकेंच नव्हे तर छतावर बागहि होती. वर्तमानपत्रांनीं ह्या घराचें कौतुक केलें. परंतु अमेरिकेंतील बहुतेक रस्ते तेव्हां मातीचे होते, आणि आठ टनांचें घर मातीच्या रस्त्यावर घालणें हें ज्याच्या पदरीं बसगाड्यांचा कारखाना आहे त्यालाच परवडणारें काम होतें. येथवर ही हौस श्रीमंतांची होती. त्यांच्या गाड्यांत घराचें पारडें जड होतें, आणि तें जड ठेवण्याची किंमत दुसऱ्यांच्या श्रमांनीं दिली जात होती.

सामान्य माणसांनीं ह्या उद्योगांत पाऊल टाकलें तें फोर्डच्या स्वस्त मोटारीमुळें. १९०८ सालीं निघालेली ही ‘मॉडेल टी’ मोटार शेतकरी, कारकून व लहान दुकानदार ह्यांच्याहि आवांक्यांत आली. तिला तंबू बांधावा, डब्यांतील अन्न घ्यावें, आणि थंडीच्या दिवसांत उत्तरेकडील बर्फांतून दक्षिणेच्या उबेंत जावें, अशी चाल पडली. अशा लोकांनीं १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टॅंपा शहरीं एक संघ स्थापन केला. त्याचें नांव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी. मोटारीच्या तोंडाशीं एक रिकामा डबा जोडलेला असला कीं तो आपल्यापैकीं, अशी त्यांची खूण होती. उतारवयांतील माणसांनीं दरसाल हिंवाळा दक्षिणेंत घालविण्याची जी रीत अमेरिकेंत आजहि आहे, तिचीं मुळें ह्या डबेवाल्यांच्या तळांत सांपडतात. त्यांच्या गाडींत घर जवळजवळ नव्हतेंच. पण नोकर नव्हता, गाडीवान नव्हता, आणि प्रवास मात्र घडत होता.

तंबूची हौस पावसांत टिकत नाहीं. डेट्रॉइट येथील जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन ह्यांना हा अनुभव आला. पावसांत तंबू ठोकतांना त्रासून त्यांनीं १९२९ सालीं मोटारीमागें जोडण्याचा एक बंदिस्त डबा बनविला. तो पाहून इतरांनीं मागणी केली, आणि त्यांतून निघालेला कारखाना १९३६ च्या सुमारास अमेरिकेंतील अशा जोडघरांचा सर्वांत मोठा कारखाना झाला. त्याच वर्षीं वॉली बायम ह्यांनीं विमानाच्या धर्तीवर अल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनीं जोडून ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हें घर बाजारांत आणलें. त्याची किंमत १२०० डॉलर, म्हणजे त्या काळीं थोडीथोडकी नव्हती. पण तें हलकें होतें व वाऱ्याला फारसें अडत नसे.

जर्मनींतील ह्याच काळची एक हकीकत जोडप्यांनीं लक्षांत ठेवावी अशी आहे. ईझ्नी गांवचे आरिस्ट डेथलेफ्स चाबूक व बर्फावर घसरण्याच्या काठ्या बनविण्याच्या धंद्यांत होते. मालाच्या विक्रीसाठीं त्यांना दीर्घकाळ घराबाहेर राहावें लागे. त्यांची वाग्दत्त वधू फ्रीडेल एडेलमन ही चित्रकार होती. त्यांच्या सोबत राहावें आणि आपलें चित्रकामहि चालू ठेवावें, अशी तिची इच्छा होती. तेव्हां १९३१ सालीं डेथलेफ्स ह्यांनीं मोटारीमागें जोडण्याचें एक घर बांधलें. जर्मनींतील ह्या धंद्याचा आरंभ त्या घरापासून धरतात. हें घर बांधण्याआधीं दोघांचीं कामें, दोघांच्या गरजा व दोघांची जागा ह्यांचा विचार झाला होता. घर त्या विचारांतून निघालें. आज पुष्कळ जोडपीं ह्याच्या उलट करतात: प्रदर्शनांत घर आधीं आवडतें, आणि आपण त्यांत दिवसभर काय करणार ह्याचा विचार मागाहून येतो.

जोडघर आणि मोटारघर ह्यांतील भेद येथें स्पष्ट केला पाहिजे, कारण पहिल्या निवडीची पहिली फांदी तेथेंच फुटते. जोडघर मोटारीमागून ओढलें जातें. मुक्कामावर पोंचल्यावर तें सोडून ठेवतां येतें आणि मोटार घेऊन बाजारहाट, डॉक्टर, देऊळ कोठेंहि जातां येतें. पण तें मागें घेणें हें कसबाचें काम आहे, आणि जोडण्या-सोडण्याला कंबरेंत बळ लागतें. मोटारघरांत इंजिन व घर एकच असतें. पाऊस पडत असतां बाहेर पाय न टाकतां निघतां येतें. मात्र भाजी आणावयाची तर सारा संसार आवरून, कपबशा बांधून घरच बाजाराला न्यावें लागतें. एकाच जागीं महिनाभर राहणाराला जोडघर सोयीचें. रोज उद्यां पुढें सरकणाराला मोटारघर.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारघराला आजचें रूप आलें. जर्मनींत फोक्सवागनची मालवाहू गाडी १९५० सालीं निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया कारखान्यानें तिच्यांत बसविण्याची एक लांकडी पेटी केली. पेटी ठेवली कीं बिछाना व स्वयंपाकाची सोय, आणि काढली कीं पुन्हां मालगाडी. अमेरिकेंत मिशिगनमधील रे फ्रँक ह्यांनीं १९५८ सालीं आपल्या कुटुंबासाठीं एक मोटारघर बांधलें. लोक विचारूं लागले म्हणून त्यांनीं तोच धंदा केला, आणि ‘मोटारहोम’ ह्या शब्दाच्या प्रसाराचें श्रेय त्यांना देतात. १९६६ सालीं आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी ह्या शेतकी गांवीं विनेबेगो कंपनीनें तींच घरें मालिकेनें बनवून फारच कमी किंमतींत विकावयास आरंभ केला. अशा रीतीनें पेन्शनरांनाहि मोटारघर घेतां येऊं लागलें.

प्रवासहि लांबचे होऊं लागले. वॉली बायम ह्यांच्या पुढारीपणाखालीं १९५९-६० मध्यें सुमारें चाळीस एअरस्ट्रीम घरांचा तांडा केपटाउनपासून कैरोपर्यंत गेला. बायम १९६२ सालीं वारले. पण १९६३-६४ मध्यें त्यांच्या अनुयायांचा दुसरा तांडा सिंगापूरपासून लिस्बनपर्यंत गेला, आणि वाटेंत तो भारतांतूनहि गेला. तांड्याचें रहस्य सोपें होतें. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या जोडप्याचें चाक चिखलांत रुतलें तर तें तेथेंच राहील. चाळीस घरांत मात्र कोणी ना कोणी मोटारीचा जाणता असतोच.

एकट्याच्या प्रवासाचें उदाहरण कादंबरीकार जॉन स्टाइनबेक ह्यांचें. १९६० सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, ते एका मालवाहू मोटारीवर लहानशी खोली बसवून चार्ली नांवाच्या कुत्र्यासह अमेरिका पाहावयास निघाले. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्यांनीं गाडीला रोसिनांटे हें नांव दिलें होतें. गाडी आटोपशीर होती, तरी त्यांनीं तींत सामान फाजील भरलें होतें, हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. त्याहून जड होता तो एकलेपणा. वाटेंत शिकागो येथें त्यांची पत्नी विमानानें येऊन त्यांना भेटली. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या अखेरीस देश पाहण्याच्या उत्साहापेक्षां घरीं परतण्याची ओढच अधिक दिसते.

पुढें १९७३ सालीं जनरल मोटर्सनें एक नवें मोटारघर आणलें. त्याचें इंजिन पुढच्या चाकांना फिरवी, त्यामुळें गाडीच्या पोटाखालून जाणारा दांडा नाहींसा झाला व जमीन बरीच खालीं आली. गुडघे धरलेल्या माणसाला एक पायरी कमी चढावी लागणें म्हणजे काय, हें त्या वयाच्या माणसांनाच कळतें. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, पेट्रोल महागलें, आणि जड मोटारघरांचा बाजार बसला. ह्या गाडीचें उत्पादनहि १९७८ सालीं बंद पडलें. चांगल्या घरालासुद्धां गाडीच्या पोटांत जाणाऱ्या तेलाचा हिशेब चुकवितां येत नाहीं, हा धडा त्यानें दिला.

आज जें जोडपें युरोपांत पहिलें मोटारघर निवडावयास निघतें, त्याच्यापुढें मुख्यतः तीन तऱ्हा असतात. पहिली, तयार मालगाडीच्या पोटांतच संसार मांडलेली: रुंदी दोन मीटरहून किंचित अधिक, लांबी सहा मीटरच्या आसपास, जुन्या गांवांच्या अरुंद गल्ल्यांतून जाऊं शकणारी. दुसरी, मालगाडीचें तोंड ठेवून मागें निराळी खोली बांधलेली: अधिक ऐसपैस, पण रुंद. तिसरी, इंजिन व सांगाडा तेवढा कारखान्याचा घेऊन समोरच्या कांचेपासून सगळें घरच नवें उभारलेली. ही सर्वांत प्रशस्त, महाग व बहुधा सर्वांत जड.

येथें स्टेबल्स ह्यांचे दोन टन निराळ्या रूपानें पुन्हां पुढें येतात. ब्रिटनमध्यें १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण होणाराला पेट्रोल-डीझेलचें वाहन सामानासह ३५०० किलोपर्यंतचेंच हांकतां येतें. त्यापूर्वीं उत्तीर्ण झालेल्यांना ७५०० किलोपर्यंत मुभा आहे. पण सत्तरी गांठतांच ती टिकविण्यासाठीं वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. आतां समजा, एखाद्या घराचें रिकामें वजन ३१०० किलो आहे. उरले ४००. दोन माणसांचे दीडशें गेले. पाण्याचें वजन लिटरला किलो, म्हणून शंभर लिटरची टांकी भरली कीं शंभर गेले. राहिलेल्या दीडशांत गॅस, भांडीं, अंथरुणें, दोन ऋतूंचे कपडे, बाहेरील छत, दोन सायकली आणि औषधांची पेटी बसवावयाची. दुकानांत पाहतांना घर रिकामें असतें, म्हणून हा हिशेब कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तो पुढें कांट्यावर गाडी चढल्यावर कळतो.

सोयींच्या बाबतींतहि अनुभवी लोक मोठेपणापेक्षां बारीकसारीक गोष्टींकडे पाहतात. बिछाना रोज रात्रीं मांडावा व सकाळीं मोडावा लागतो काय? रात्रीं एकाला उठावयाचें झालें तर दुसऱ्याच्या अंगावरून जावें लागतें काय? पायरी किती उंच आहे? पावसाच्या दिवशीं दोन खुर्च्यांवर दोघांना एकमेकांकडे पाठ करून वाचतां येईल काय? जुनें घर घ्यावयाचें असेल तर सांध्यांतून पाणी झिरपून भिंतींत ओल मुरली आहे कीं काय, हें जाणत्याकडून तपासलें पाहिजे. बाहेरून चकाकणाऱ्या घराचें लांकूड आंतून कुजलेलें निघतें. आणि विकत घेण्यापूर्वीं त्याच तऱ्हेचें घर पंधरा दिवस भाड्यानें घ्यावें, तेंहि शक्य तर वाईट हवेच्या दिवसांत. प्रदर्शनांतील अर्ध्या तासापेक्षां पावसांतील पंधरा दिवस अधिक सांगतात.

परंतु ह्या सर्वांहून मोठी एक कसोटी आहे, आणि तिची गोष्ट जोडपीं सहसा काढीत नाहींत. बहुतेक जोडप्यांत एकजण हांकतो व दुसरें माणूस नकाशा पाहतें. परक्या देशांत, घरापासून हजार मैलांवर, हांकणारालाच दुखणें आलें तर तें घर परत कोण आणणार? ज्या गाडीच्या चाकाशीं दुसरें माणूस कधीं बसलेंच नाहीं, ती गाडी त्या दिवशीं घर राहत नाहीं. ती अडचण होते. म्हणून दोघांतील कमी बळाच्या माणसाला एकट्यानें हांकतां येईल, वळवितां येईल व उभी करतां येईल, एवढीच गाडी त्या जोडप्याला खरी मोठी. त्याहून एक हात लांब घर म्हणजे उसनें घेतलेलें घर समजावें.

दीर्घकाळ चाकांवर राहणारांचे अनुभव हेंच सांगतात. जो व के पीटरसन ह्या दांपत्यानें १९७८ सालीं अमेरिकेंत ‘एस्केपीज’ नांवाची संस्था काढली. घर विकून कायम प्रवासांत राहणारांचा पहिला प्रश्न मोठा चमत्कारिक होता: पत्ता कोणता द्यावयाचा? पेन्शनचीं पत्रें, मतदान, मोटारीचा परवाना, सगळ्याला पत्ता लागतो. ह्या संस्थेनें टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथें सभासदांची टपाल घेऊन ती ते असतील तेथें पाठविण्याची सोय केली, आणि हजारों फिरत्या कुटुंबांचें कागदोपत्रीं घर त्या एका लहान गांवीं झालें. पुढें दुसरा प्रश्न उभा राहिला. हे सभासद म्हातारे झाले. कोणाची दृष्टि गेली, कोणाचा जोडीदार गेला. तेव्हां त्याच ठिकाणीं संस्थेनें एक केंद्र उघडलें. तेथें आपलें मोटारघर कायमचें उभें करावें, राहावें आपल्याच घरांत, आणि जेवण, धुणें व दिवसाची देखभाल केंद्रानें पाहावी, अशी ती योजना. मुक्काम शेवटचा, पण बिछाना ओळखीचा.

हें जीवन सर्वांनीं आपखुशीनें पत्करलेलें असतें, असें मात्र नाहीं. २००८ सालच्या आर्थिक संकटांत ज्यांची घरें व पुंजी गेली, अशीं साठीच्या घरांतील कित्येक माणसें अमेरिकेंत जुन्या गाड्यांत राहून हंगामी मजुरी करीत हिंडूं लागलीं. जेसिका ब्रूडर ह्यांनीं २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ ह्या पुस्तकांत त्यांची हकीकत लिहिली, आणि त्यावरील चित्रपटाला २०२१ सालीं ऑस्कर मिळालें. परतावयास घर असणें आणि नसणें, ह्या एका गोष्टीनें त्याच गाडीचा अर्थ बदलतो. म्हणून जाणते लोक पहिल्याच वर्षीं राहतें घर विकूं नये, भाड्यानें द्यावें, असा सल्ला देतात.

महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. त्यामुळें हा प्रश्न केवळ परदेशांत मुलांकडे जाणाऱ्या मराठी जोडप्यांपुरता राहिलेला नाहीं. ज्या घरांत ही गोष्ट निघेल, तेथें दोघांनीं आधीं एक कागद घ्यावा. आपल्याला काय पाहावयाचें आहे, रोज किती जावयाचें आहे, कोणावांचून करमणार नाहीं, आणि एकाला थांबावें लागलें तर दुसऱ्यानें काय करावें, हें त्यावर लिहावें. बिछान्याची लांबी व टांकीचे लिटर त्याच्याखालीं लिहावे. स्टेबल्स ह्यांच्या घराला गाडीवान होता, कॉंक्लिन ह्यांच्या घरामागें कारखाना होता. पेन्शनीवर निघालेल्या दोघांजवळ एकमेकांवांचून दुसरें कोणी नसतें; म्हणून तें घर दोघांपैकीं एकाच्या हातीं आलें तरी चालेल, असेंच त्यांनीं निवडावें.